नाळ, माती आणि सिंथेसायझर

फ्रेडी मर्क्युरी या ब्रिटिश गायक-गीतकाराविषयी मराठीत जे थोडेफार लिहिलेले माझ्या वाचनात आले, ते जवळजवळ सगळे पाचगणीत सुरू होते आणि पाचगणीतच संपते. ‘आपल्या सातारा जिल्ह्यात शिकलेला मुलगा’ एवढी ओळख पटली की लेखक समाधानाने थांबतो. या माणसाने गाणी कशी रचली, शब्दांना तो कसे वागवीत असे, गिटारींच्या भव्य आवाजावर नाव कमावल्यानंतर १९८० पासून तो विजेच्या कृत्रिम आवाजांकडे का वळला, या प्रश्नांना मग जागाच उरत नाही. एखाद्या लेखकाचे जन्मगाव सांगून त्याच्या पुस्तकांवरचा लेख संपवावा, तसा हा प्रकार आहे. (असे लेख मराठीत नसतात असे मात्र नव्हे.)

येलदरीत, पूर्णा नदीवरच्या धरणाच्या सावलीत बसून एका परदेशी पॉप गायकाबद्दल लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन आहे. मर्क्युरीच्या कारकिर्दीतली १९८० ते १९८८ ही वर्षे त्याच्या अनेक चाहत्यांना नकली वाटत आली आहेत. ती ज्या मोजपट्टीने नकली ठरतात, तीच मोजपट्टी आम्ही मराठीचे शिक्षक वर्गात रोज वापरतो. विद्यार्थ्याने कविता दाखवली की आम्ही विचारतो, ‘यात तुझी माती कुठे आहे?’ मूळ, नाळ, माती, अस्सल, अनुभवाचा सच्चेपणा हे शब्द आमच्या हाताशी इतके तयार असतात की ते नेमके काय मोजतात हे तपासण्याची गरज आम्हांला वाटत नाही.

आधी चरित्राचा भाग उरकून घेऊ. फरोख बुलसारा याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांजिबारला, एका पारशी कुटुंबात झाला. आडनाव गुजरातेतल्या बुलसारचे, म्हणजे आजच्या वलसाडचे. वडील झांजिबारमधल्या ब्रिटिश प्रशासनात रोखपाल होते. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास मुलाला पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत पाठवण्यात आले. तिथे तो पियानो शिकला, वृंदगानात गायला, आणि १९५८ साली शाळेतल्या मित्रांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा पाच जणांचा बँड केला. त्यात तो गायक म्हणून पुढे नव्हता. पियानो वाजवीत असे. ‘फ्रेडी’ हे नावही शाळेतलेच. १९६३ साली तो झांजिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली आणि कुटुंबाने घाईघाईने इंग्लंड गाठले. पुढे ईलिंगच्या कलाशाळेत ग्राफिक डिझाइनचे शिक्षण, १९७० मध्ये ‘क्वीन’ची स्थापना, आणि त्याच सुमारास ‘मर्क्युरी’ हे स्वतःच निवडलेले आडनाव. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो वारला. एड्स झाल्याचे निवेदन त्याने आदल्याच दिवशी प्रसिद्धीला दिले होते. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले.

या माणसाने आपल्या भारतीय शालेय वर्षांविषयी मुलाखतींतून फारसे काही सांगितले नाही. त्यामुळे मूळ शोधणाऱ्यांना मोकळे रान मिळाले. लता मंगेशकर यांच्या गाण्याचा त्याच्यावर बालपणी प्रभाव पडला, हे विधान इतक्या ठिकाणी छापले गेले आहे की ते आता पुराव्यासारखे वापरले जाते. मी त्याची गाणी त्या कानाने पुन्हा पुन्हा ऐकली आहेत. मला तो प्रभाव ऐकू येत नाही. ज्यांना येतो त्यांनी तो कोणत्या जागेत, कोणत्या स्वरलगावात येतो ते दाखवावे. १९७८ च्या ‘जॅझ’ या अल्बमचे पहिले गाणे ‘मुस्तफा’ हे मूळशोधकांचे दुसरे आवडते ठिकाण. त्यात अरबीसारखे भासणारे, काही खरे आणि काही बनवलेले ध्वनी आहेत. झांजिबारच्या गल्ल्यांतली अजान त्यात ऐकू येते असे म्हणता येईल. म्हणणाऱ्याला कोण अडवणार? पण गाणे ऐकताना पहिला अनुभव येतो तो चेष्टेचा. शब्दाचा अर्थ काढून घेतला तर नुसत्या नादावर गाणे किती उंच चढते, ते करून बघण्याची खोड त्यात आहे. तराणा ऐकणाऱ्या माणसाला ही खोड परकी वाटू नये.

आणि पाचगणी तरी कोणाची माती? इंग्रजांनी हवा खाण्यासाठी वसवलेले गाव. त्यांच्या मुलांसाठी आणि इथल्या धनिकांच्या मुलांसाठी काढलेल्या शाळा. आणि ज्यांच्या रांगांमुळे ते गाव चित्रात ओळखू येते, ती सिल्व्हर ओकची झाडे मूळची ऑस्ट्रेलियातली. त्या शाळेत झांजिबारचा पारशी मुलगा इंग्रजी वृंदगान गातो आणि अमेरिकन रॉक अँड रोलच्या नकला करतो, यात ‘महाराष्ट्राचे योगदान’ नेमके कशात मोजायचे? गाव खरे, वर्षेही खरी. त्यावरून नाळ मात्र सिद्ध होत नाही.

आता मोजपट्टीविषयी. तिला हसण्याचा माझा इरादा नाही. भालचंद्र नेमाडे यांनी देशीवाद मांडला तेव्हा मराठी साहित्य पाश्चात्त्य नमुन्यांच्या उसनवारीने खरोखर फिके पडले होते, आणि ‘टीकास्वयंवर’मधल्या लेखांनी शहरांच्या बाहेरच्या अनेकांना ‘तुमच्या भाषेत लिहा’ असे बळ दिले. मराठवाड्याला तर या बळाची गरज अधिक होती. निजामाच्या राज्यात मराठी शाळेसाठी झगडावे लागलेल्या या मुलखात ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ १९६७ साली आल्या, आमच्या परभणीच्या इंद्रजित भालेरावांचे ‘पीकपाणी’ १९८९ साली आले, आणि आपल्या बांधावरचे शब्द कवितेत चालतात हे शेतकऱ्यांच्या मुलांना कळले. हे ऋण मोठे आहे आणि ते मी मानतो.

पण मानसिक गुलामी झुगारण्यासाठी उचललेले हत्यार पुढे नाक्यावरच्या शिपायाच्या हाती गेले. तो प्रत्येकाचे मूळगाव विचारू लागला. अरुण कोलटकरांचे उदाहरण घ्या. एकाच हाताने मराठी आणि इंग्रजी लिहिणारा हा कवी. ‘जेजुरी’साठी त्यांना १९७७ चा राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला आणि ‘भिजकी वही’साठी साहित्य अकादमी पुरस्कार २००५ साली, मृत्यूनंतर. हे कोलटकर पखवाज शिकले होते, आणि १९७० च्या दशकात त्यांनी इंग्रजीत चक्क गाणी लिहिली होती, गाण्यासाठी म्हणून. ती २००९ साली ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’मध्ये छापून आली. मराठीतला एक श्रेष्ठ कवी पॉप गीतकार होऊ पाहत होता, ही गोष्ट आपल्या अभ्यासक्रमांच्या कडेलाही कधी आली नाही. कारण ती कोणत्या मातीत लावायची हे कोणाला कळत नाही.

हा प्रश्न साहित्यापुरता नाही हे मला मर्क्युरीच्या निमित्ताने जाणवले. अस्सलपणाची मागणी जशी मातीबद्दल असते तशीच ती आवाजाबद्दलही असते, आणि गंमत म्हणजे क्वीनने स्वतःच ती आपल्यावर लादून घेतली होती.

१९७३ च्या पहिल्या अल्बमपासून पुढे काही वर्षे क्वीनच्या वेष्टनांवर एक टीप असे: या ध्वनिमुद्रणात कोणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही. कारण सरळ होते. ब्रायन मे यांनी वडिलांच्या मदतीने घरीच बनवलेल्या गिटारवर एकावर एक सूर चढवून जो वाद्यवृंद उभा केला होता, तो ऐकून लोकांना यंत्राचा संशय येई. तेव्हा ‘हे खरे आहे, हाताने केलेले आहे’ अशी ग्वाही दिली जाई. मात्र हे ‘खरे’ काय होते ते पाहा. १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त जो ऑपेराचा समूह ऐकू येतो तो समूह नव्हेच. तीन माणसांचे आवाज फितीवर पुन्हा पुन्हा भरून, एका फितीवरून दुसऱ्या फितीवर उतरवून केलेली ती गर्दी आहे. मर्क्युरीने ते गाणे असे रचले की फितीच्या यंत्राशिवाय ते अस्तित्वातच येऊ शकत नव्हते. रंगमंचावर तो भाग बँडला कधी गाता आला नाही. तेवढा वेळ ते पडद्याआड जात आणि ध्वनिमुद्रण वाजे. म्हणजे सिंथेसायझर नाही ही टीप अक्षरशः खरी होती. एका यंत्राला बाहेर ठेवले होते आणि दुसऱ्याला देव्हाऱ्यात बसवले होते, एवढेच.

आपल्याकडे हे नाटक जुने आहे. हार्मोनियम ही युरोपातून आलेली पेटी. तिच्यात श्रुती नाहीत, मींड निघत नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली. त्याच काळात मराठी माणूस संगीत नाटकातला ऑर्गन कानात साठवून होता, आणि गावोगावची भजनी मंडळे पेटीशिवाय बसत नव्हती. आमच्या भागातल्या मिरवणुकीत वाजणारा ‘बँजो’ घ्या. तो अमेरिकन बँजो नव्हे. ते बुलबुलतरंग आहे, आणि बुलबुलतरंगाचा पूर्वज विसाव्या शतकाच्या आरंभी जपानमध्ये तयार झालेला. त्याला विजेची जोड दिली, शेजारी कॅसिओ आणि ऑक्टोपॅड ठेवला, की मराठवाड्याच्या लग्नातला जो आवाज होतो तो आज कोणत्याही ग्रामीण कथेत ‘गावाचा आवाज’ म्हणून बेधडक येतो. महानोरांच्याच ‘जैत रे जैत’ (१९७७) या चित्रपटातल्या गीतांचे काय? डोंगरातल्या ठाकरांची ती गाणी ध्वनिमुद्रिका होऊन आली, तरी कोणी म्हटले नाही की नाळ तुटली. मायक्रोफोन आपण माफ केला, फीत माफ केली, पेटी तर दत्तकच घेतली. मग शेवटचे आलेले यंत्र तेवढे नेहमी परके, हा नियम कोठून आला?

१९८० च्या ‘द गेम’ या अल्बमने क्वीनची ती टीप मोडली. त्यातले पहिलेच गाणे ‘प्ले द गेम’ हे मर्क्युरीचे, आणि ते सुरू होते ओबरहाइम कंपनीच्या सिंथेसायझरच्या, वरून खाली कोसळणाऱ्या झोतांनी. मला हा प्रवेश धीट वाटतो. चोरून आणलेले वाद्य कोपऱ्यात ठेवतात. इथे ते दारातच उभे केले आहे. दोन वर्षांनी ‘हॉट स्पेस’ आला. त्यातल्या त्याच्या ‘बॉडी लँग्वेज’ या गाण्यात गिटार जवळजवळ नाहीच. सगळा भार सिंथेसायझरच्या खर्जावर. रॉकच्या चाहत्यांनी हा अल्बम नाकारला. तो सबंध चांगला आहे असे मीही म्हणणार नाही. ‘बॉडी लँग्वेज’मध्ये शब्द इतके कमी आणि इतके ढोबळ आहेत की गीतकार म्हणून तिथे त्याने सुट्टी घेतली होती असे वाटते. पण चाहत्यांचा राग शब्दांवर नव्हता, आवाजावर होता. ‘हे आपले नाही’ अशी ती तक्रार होती.

१९८४ मध्ये त्याने इलेक्ट्रॉनिक डिस्कोचा उस्ताद जॉर्जिओ मोरोडर याच्याबरोबर ‘लव्ह किल्स’ हे गाणे केले, फ्रिट्झ लांगच्या १९२७ मधल्या ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटाच्या नव्या आवृत्तीसाठी. यंत्रस्त्रीच्या कथेला यंत्राचे संगीत आणि त्यावर हा हाडामांसाचा, धाप लागेपर्यंत ताणलेला आवाज. १९८५ च्या एप्रिलमध्ये म्युनिकला ध्वनिमुद्रित केलेला ‘मिस्टर बॅड गाय’ हा त्याचा एकट्याचा अल्बम आला. अकराही गाणी त्याचीच. अर्पणपत्रिका मांजरांना. अर्पणपत्रिकांवर प्रबंध लिहिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी ती जरूर पाहावी. जेरी, टॉम, ऑस्कर आणि टिफनी अशी नावे घेऊन, विश्वातल्या यच्चयावत मांजरप्रेमींना ती वाहिली आहे आणि बाकीच्यांना शिवी हासडली आहे.

या अल्बममधले ‘लिव्हिंग ऑन माय ओन’ हे गाणे मी जरा थांबून ऐका असे म्हणेन. विषय एकटेपणाचा. मराठी भावगीताने हा विषय किती हळुवार हाताळला असता याची कल्पना करा: संथ लय, बासरी, संध्याकाळ. मर्क्युरीने त्याला नाचाचा ठेका दिला आहे, यंत्राने धरलेला, न थकणारा ठेका. आणि मध्येच शब्द संपतात. जे सांगायचे आहे ते सांगण्यासाठी वाक्य पुरत नाही म्हणून तो निरर्थक अक्षरे गाऊ लागतो, जॅझमधल्या स्कॅटसारखी. माणूस एकटा आहे, आणि त्याच्याबरोबर फक्त एक यंत्र चालू आहे. त्या यंत्राला दया नाही, राग नाही. ते आपल्या गतीने चालते. खऱ्या ढोलवादकाने हा ठेका धरला असता तर गाण्यातल्या माणसाला सोबत मिळाली असती, आणि मग गाण्याचा अर्थच बदलला असता. कृत्रिम आवाज इथे सजावट म्हणून आलेला नाही. गाण्याच्या आशयाचा तो अर्धा भाग आहे. शैली आणि आशय यांच्या एकजीवतेवर आपण वर्गात तासभर बोलतो. तिचे इतके उघड उदाहरण मला सहसा सापडत नाही.

ब्रिटनमध्ये हे गाणे १९८५ साली पहिल्या पन्नासांच्या काठावर जेमतेम पोहोचले. पुढे जे झाले ते मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीतले सर्वांत बोधक प्रकरण वाटते, जरी ते झाले तेव्हा तो हयात नव्हता.

१९९३ मध्ये या गाण्याचे नवे रूप निघाले. मूळ आवाज ठेवून खालचे सगळे संगीत बदलले, त्या काळच्या क्लबांत चालणारा आणखी यांत्रिक, आणखी सपाट ठेका घातला, आणि ऑगस्टमध्ये गाणे ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. एकट्याच्या नावावर हे स्थान त्याला जिवंतपणी मिळाले नव्हते. १९९५ मध्ये क्वीनच्या उरलेल्या तिघांनी ‘मेड इन हेवन’ हा अल्बम काढला. त्यासाठी त्यांनी ‘मिस्टर बॅड गाय’मधली दोन गाणी घेतली, ‘मेड इन हेवन’ आणि ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’. त्याचा आवाज ठेवला, आणि त्याखाली गिटार, बास, ढोल अशी बँडची भरभक्कम वाद्ये वाजवली. जणू भरकटलेला मुलगा घरी आणला. आणि २०१२ मध्ये तिसरा प्रकार झाला. स्पॅनिश सोप्रानो मोन्सेरात काबाये हिच्याबरोबर त्याने १९८८ साली ‘बार्सेलोना’ हा अल्बम केला होता. त्यातला वाद्यवृंद बव्हंशी माइक मोरन यांच्या कळफलकांतून आणि सिंथेसायझरमधून आलेला होता. २०१२ च्या आवृत्तीत ते सगळे काढून त्या जागी खराखुरा सिंफनी वाद्यवृंद बसवला. दोघांचे आवाज तसेच राहिले.

म्हणजे एकाच मृत गायकाच्या आवाजाला तीन वेगळी घरे मिळाली, आणि प्रत्येक घरमालकाच्या परीने तेच त्याचे खरे घर. डान्सवाल्यांनी त्याला काळाबरोबर आणले, मित्रांनी बँडमध्ये परत आणले, आणि वाद्यवृंदवाल्यांनी त्याला प्रतिष्ठा दिली. तिन्ही कामांत प्रेम आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९९५ ची गाणी मला आवडतात देखील. पण २०१२ ची आवृत्ती ऐकताना माझी कुरबूर सुरू होते. १९८८ च्या मुद्रणात कृत्रिम तंतुवाद्यांचा जो किंचित काचेसारखा, अवास्तव पोत होता, त्यात ऑपेराच्या स्वप्नात शिरलेला पॉप गायक दिसत असे. त्याला त्या दुनियेचा पास नव्हता. त्याने दारावर आपल्या हाताने रंगवलेला पडदा लावला होता. खरा वाद्यवृंद आला आणि तो पडदा फाटला. आता सगळे कसे रीतसर झाले आहे. संगीत नाटकाच्या रंगवलेल्या महालाच्या जागी कोणी खरा संगमरवर आणून ठेवला तर नाटकाचे जे होईल, तेच इथे झाले असे मला वाटते. यावर मतभेद होतील. सिंफनीच्या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत, आणि वाद्यवृंद वाजला आहे उत्तम यात वाद नाही.

एक आक्षेप इथे येऊ शकतो. पॉप संगीत हा धंदा आहे; १९८० च्या दशकात सगळेच सिंथेसायझरकडे वळले; मर्क्युरीही बाजार पाहून वळला, यात एवढे काव्यशास्त्र कशाला? बाजार होताच. पण बाजार पाहून वळणारा माणूस ‘हॉट स्पेस’ अंगलट आल्यावर मागे फिरला असता. याने त्यानंतर तीन वर्षांनी आख्खा अल्बम त्याच आवाजांत केला, आणि तोही न खपल्यावर ऑपेरा गायिकेबरोबर, तिला जमेल तशा भाषांत, त्याच कळफलकांवर दुसरा केला. क्वीनच्या १९८१ च्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’मधल्या सतरा गाण्यांपैकी दहा गाणी एकट्या मर्क्युरीची आहेत. खपाचे सूत्र त्याच्या हातात होते. त्या सूत्राच्या बाहेर तो वारंवार का जात राहिला, हा प्रश्न बाजाराने सुटत नाही. मला वाटते, स्वतःचे नाव स्वतः ठेवणाऱ्या माणसाला जन्माने न मिळालेल्या आवाजांचीच ओढ असणार. सिंथेसायझर या वाद्याला तर गावच नसते. त्याच्यात लाकूड, तार, कातडे काही नाही. प्रत्येक ध्वनी शून्यातून बांधावा लागतो. झांजिबारमधून पाचगणीला, पाचगणीहून झांजिबारला आणि तिथून जीव घेऊन लंडनला आलेल्या माणसाने असे वाद्य जवळ केले, तर त्यात विश्वासघात कोणाचा झाला?

आता येलदरी. जिंतूर तालुक्यातल्या या गावाची ओळख धरणाने झाली आहे. पूर्णेचे पाणी अडले, पायथ्याशी वीज तयार होऊ लागली, आणि जलाशयाखाली शिवारे गेली. माझ्या वर्गात आजूबाजूच्या खेड्यांतली मुले असतात, बदलीवर आलेल्या कर्मचाऱ्यांची असतात, आणि ज्यांचे आईबाप दिवाळीनंतर ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात अशीही असतात. ज्या घराण्याची माती पाण्याखाली आहे त्या मुलाला मी ‘मातीशी नाळ’ विचारतो तेव्हा नेमके काय विचारतो? सहा महिने कारखान्याच्या तळावर वाढलेल्या मुलीची माती कोणती, जिंतूरची की कोल्हापूरची? तिने कवितेत बांध, औत, आंब्याची सावली आणली तर आम्ही खूश होतो, मग ते तिने पाठ्यपुस्तकातून उचललेले का असेना. आणि तिने मोबाइलवर एखाद्या ॲपच्या यांत्रिक ठेक्यावर स्वतःचे शब्द गाऊन आणले, तर आमचा चेहरा पडतो. त्या ठेक्यावर तिने काय लिहिले आहे, शब्द कुठे तोडला आहे, ध्रुवपदाकडे परत येताना अर्थ बदलतो की नाही, हे ऐकण्याआधीच निकाल लागलेला असतो. पाठ्यपुस्तकी आंब्याच्या सावलीला अस्सल ठरवणारी आणि स्वतः शोधलेल्या ठेक्याला नकली म्हणणारी समीक्षा देशी असेल. चांगली खचित नाही.

त्या मुलांची सगळीच गाणी चांगली असतात असे नाही. बहुतेक वाईट असतात, जशा बहुतेक कविता वाईट असतात. उसना राग, ऐकीव शहर, यमकासाठी ओढून आणलेली हिंदी. पण ती वाईट का आहेत हे गाण्यातून दाखवावे लागेल. गावाचे नाव विचारून चालणार नाही. मर्क्युरीच्या ‘बॉडी लँग्वेज’मध्ये शब्दांनी अंग चोरले आहे असे मी वर म्हटले, ते झांजिबारचा किंवा पाचगणीचा आधार न घेता म्हणता आले. ‘लिव्हिंग ऑन माय ओन’ चांगले का, तेही सांगता आले.

पुढच्या सत्रात ‘गीत’ हा वाङ्मयप्रकार शिकवताना एक प्रयोग करायचे ठरवले आहे. गायकाचे नाव, देश, साल काहीही न सांगता ‘लिव्हिंग ऑन माय ओन’ची १९८५ आणि १९९३ ची रूपे आणि ‘बार्सेलोना’ची १९८८ आणि २०१२ ची रूपे लागोपाठ ऐकवायची. मग कोरा कागद द्यायचा. भाषा कळली नाही तरी हरकत नाही. कोणत्या रूपात गाणारा माणूस अधिक एकटा वाटतो, आणि ते कशामुळे, एवढेच लिहायचे. भाडोत्री स्पीकरची सोय झाली आहे. त्या दुपारी वीज टिकली पाहिजे, एवढीच काय ती अडचण.